‘ब्रॉन्क्स सोडा’वर हसणाऱ्यांसाठी

एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन-चार कॅसेट संपवायच्या, असा एक काळ होता. त्यात एखादी कॅसेट हमखास जगबुडीनंतरच्या जगाची असायची. मोडक्या गाड्या, चामडी जाकिटं, ओसाड शहर आणि पेट्रोलसाठी मारामारी. ‘मॅड मॅक्स 2’ आणि ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’ हे 1981चे सिनेमे चालले आणि इटलीच्या निर्मात्यांनी त्यांच्या स्वस्त नकला धडाधड काढल्या. आज हे सिनेमे पुन्हा शोधून पाहिले जातात, पण बहुतेकदा हसण्यासाठी. ‘इतका वाईट की मजा येते’ हा ठरलेला शेरा.

माझं भांडण या हसण्याशी आहे.

एन्झो कास्तेलारी या दिग्दर्शकाचे दोनच सिनेमे घ्या: ‘1990: द ब्रॉन्क्स वॉरियर्स’ (1982) आणि त्याचा पुढचा भाग ‘एस्केप फ्रॉम द ब्रॉन्क्स’ (1983). दुसऱ्याची गोष्ट अशी. एका बांधकाम कंपनीला ब्रॉन्क्सची वस्ती पाडून तिथे चकचकीत नवं शहर उभारायचं आहे. रहिवाशांना सांगितलं जातं की न्यू मेक्सिकोत तुमची सोय केली आहे. जे हलत नाहीत त्यांच्यावर चंदेरी पोशाखातली, आग ओकणारी पथकं सोडली जातात. या कामाला नाव दिलंय ते घरातली झुरळं-ढेकूण मारण्याच्या कामाचं. नायकाचे आईवडील त्यातच मरतात. बाहेरच्या जगाला मात्र सगळं सुरळीत चालल्याचं कळवलं जातं. आणि भोंग्यावरून एकच घोषणा: ब्रॉन्क्स सोडा.

1996 साली ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ या अमेरिकी कार्यक्रमाने हा सिनेमा टिंगलीसाठी निवडला. चाहत्यांच्या तोंडी त्यातलं काय राहिलं? नेमकी तीच घोषणा. लोकांना घराबाहेर काढण्याचा हुकूम हा विनोद झाला.

अभिनय कच्चा आहे, संवाद पोकळ आहेत, हे मान्य. पण पहिल्या भागातली बाहेरची दृश्यं खऱ्या ब्रॉन्क्समध्ये घेतली होती. तिथे पडझडीचा सेट लावायची गरजच नव्हती. 1948पासून बांधलेल्या क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवेने हजारो कुटुंबं उठवली होती. काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्यांना बँका कर्ज देत नव्हत्या. काही मालकांनी विम्यासाठी स्वतःच्याच इमारती पेटवल्या आणि त्याच काळात शहराने तिथली अग्निशमन दलाची पथकं बंद केली. 1976 साली न्यू यॉर्कचे गृहनिर्माण प्रशासक रॉजर स्टार यांनी अशा वस्त्यांतल्या सेवा काढून घेऊन त्या आकसू द्याव्यात, अशी कल्पना उघडपणे मांडली. 1970 ते 1980 या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधल्या सात जनगणना-विभागांत 97 टक्क्यांहून अधिक इमारती आगीने किंवा ओस पडून गेल्या. म्हणजे प्रेक्षकाला जे जगबुडीनंतरचं दृश्य वाटत होतं, तो कुणाचा तरी राहता पत्ता होता.

कयामत सगळ्यांवर एकाच वेळी येते, असं आपण मानतो. तिथे राजा आणि भिकारी एकाच रांगेत उभे राहतात आणि हिशोब दोघांनाही द्यावा लागतो. जी एकाच मोहल्ल्यावर येते आणि आणणाऱ्याला हिशोब द्यावा लागत नाही, ती कयामत नव्हे, ती कारवाई असते.

कास्तेलारीला मी संत ठरवत नाही. त्याच्या ब्रॉन्क्समध्ये टोळ्या भरपूर आहेत. दुकानदार, शाळेत जाणारी मुलं, भाडं भरणाऱ्या बाया जवळजवळ नाहीत. वस्ती म्हणजे गुंड, ही बिल्डरची भाषा त्याच्या कॅमेऱ्यानेही उचलली. टीका करायची तर यावर करा. पण ती कुणी करत नाही. हसणारे नायकाच्या केसांवर हसतात.

हे हसणं आपल्याला नवं नाही. आपल्याकडे विजयाच्या मिरवणुकांत बुलडोझर नाचवले गेले, समाजमाध्यमांवर त्याचे विनोद फिरले. पाडलेल्या घरांत मुसलमानांची किती होती, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. शेवटी 13 नोव्हेंबर 2024ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही आणि पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल. इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागते, कारण त्याआधी बरेच लोक बरंच हसलेले असतात.

या सिनेमांत न आलेली एक गोष्ट सांगून थांबतो. 1977 साली ब्रॉन्क्सच्या केली स्ट्रीटवरचे रहिवासी पाडकामाच्या आड उभे राहिले. रस्ता केळ्यासारखा वळलेला, म्हणून संघटनेचं नाव ‘बनाना केली’. त्यांनी त्या इमारती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या. त्यांचं ब्रीद होतं: हलू नका, सुधारा.

जुन्या कॅसेटी जरूर पाहा. पण दोन घोषणांपैकी कोणती पाठ करायची, ते आधी ठरवा.