स्वच्छ आकाशाची भीती

मुलांनो, आषाढी एकादशीला आमच्या घरी रताळ्याचा कीस होतो. भाचेमंडळी पहिल्यांदा चवीनं खातात, दुसऱ्यांदा वाढायला गेलं की पळतात. यंदा धाकटा भाचा म्हणाला, "मामा, एक दिवस ठीक आहे हो, पण रोज कोण खाईल रताळी?"

खरं सांगू? रोज खाणारे लोक आहेत. सकाळी रताळी, संध्याकाळी रताळी, आणि मधे भूक लागली तर निखाऱ्यात भाजलेलं एक रताळं. आज त्यांच्याच गावाला जायचं आहे.

नकाशा काढा. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर पक्ष्याच्या आकाराचं एक भलंमोठं बेट दिसेल. ते न्यू गिनी. ग्रीनलंडच्या खालोखाल जगातलं सर्वांत मोठं बेट. त्याचा पश्चिमेकडचा भाग इंडोनेशियात आहे आणि पूर्वेकडचा भाग म्हणजे पापुआ न्यू गिनी हा देश. तो १९७५ साली स्वतंत्र झाला. बेटाच्या मधोमध उंच डोंगरांच्या रांगा आहेत आणि त्या डोंगरांत एंगा नावाचा प्रांत आहे. हे नाव तुमच्या आईबाबांनी कदाचित ऐकलं असेल. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या एका वस्तीवर डोंगराचा कडा कोसळला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं होतं.

या एंगामध्ये कांदेप नावाचं खोरं आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, हो ना? कांदेपच्या खोऱ्याचा तळच सुमारे २३०० मीटरवर आहे! राजधानी पोर्ट मोर्सबीहून या डोंगराळ भागात यायला रस्ता नाही. विमानानं यायचं, मग मिळेल त्या गाडीनं, आणि पुढच्या वाड्यांसाठी पायीच. जिथं गाडी जात नाही अशा कितीतरी ठिकाणी गवताच्या छोट्या, उतरत्या धावपट्ट्या आहेत. विमान चढावर उतरतं आणि उताराच्या दिशेनं उडतं. तिथल्या टोक पिसिन भाषेत विमानाला ‘बालुस’ म्हणतात. मूळ अर्थ कबुतर! आणि दवाखाना म्हणजे ‘हाउस सिक’. ही भाषा शिकायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही असं मला वाटतं.

घरं ठेंगणी, गवतानं शाकारलेली. आत मधोमध चूल. धुराडं नाहीच, कारण धुराबरोबर ऊबही बाहेर जाईल. त्या धुरात लहान मुलं खोकत असतात. या डोंगराळ भागात लहान मुलांचा सर्वांत मोठा शत्रू न्यूमोनियाच आहे. बायका पाठीवर जाळीची झोळी घेऊन शेतात जातात. झोळीचा पट्टा कपाळावर असतो. या झोळीला ‘बिलुम’ म्हणतात. एका बिलुममध्ये रताळी, दुसऱ्यात झोपलेलं बाळ. रताळ्याला तिथं ‘काउकाउ’ म्हणतात. मोठी काउकाउ माणसांची, बारकी डुकरांची. डुक्कर म्हणजे त्यांची बँक. लग्न असो, भांडण मिटवायचं असो, नाहीतर दूरच्या पाहुण्यांशी नातं जोडायचं असो, डुकरं द्यावी लागतात.

गंमत अशी, की काउकाउ मूळचं तिथलं नाहीच. ते दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडेही ते तिकडूनच आलं. एंगाच्या डोंगरांत ते पोचलं साधारण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी. त्याआधी तिथले लोक अळू लावत, त्याचे कंद खात. पण फार उंचावर अळू नीट वाढत नाही. रताळं त्यामानानं काटक. ते आलं आणि उंच खोऱ्यांत माणसांना बारमाही राहता आलं, डुकरं पोसता आली.

काटक खरं, पण एका गोष्टीपुढे त्याचं काही चालत नाही.

तुम्ही म्हणाल, कांदेप विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर, मग थंडी कसली? थंडी उंचीची. दर हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. एरवी या खोऱ्यावर ढग असतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते आणि ढग त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. गोधडी अंगावर असल्यासारखंच. पण काही वर्षी प्रशांत महासागराचं गरम पाणी पूर्वेला सरकतं आणि पाऊसही त्याच्यामागून निघून जातो. यालाच एल निनो म्हणतात. आपला मान्सून बिघडवणारा एल निनो, तोच! मग न्यू गिनीच्या डोंगरांवर आठवडेच्या आठवडे ढग येत नाहीत. रात्री आकाश लख्ख, चांदण्या टपोऱ्या. आपण म्हणू, वा, काय सुंदर! तिथली आजी मात्र त्या आकाशाकडे बघून गप्प होते. गोधडी ओढून घेतली आहे ना. पहाटेपर्यंत पानांवरचं दव गोठतं. सकाळी ऊन पडलं की रताळ्याचे वेल काळे पडतात, उकडलेल्या भाजीसारखे.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याची बातमी आपण हौसेनं वाचतो. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा बरं, तो हौसेनं वाचतो का! तो रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतो.

एंगाच्या लोकांनीही उपाय शोधला आहे, आणि मला तो फार आवडतो. ते रताळं सपाट जमिनीत लावतच नाहीत. आधी गवत, जुने वेल, पालापाचोळा गोळा करतात. त्यावर चहूबाजूंनी माती ओढून मोठा गोल ढीग करतात.  रताळ्याचे वेल लावायचे त्याच्या वरच्या भागात. आतला पाला कुजताना ऊब देतो, खत तर होतोच. आणि दुसरी गोष्ट अशी, की गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारानं खाली वाहते आणि सखल जागी साचते. ढिगाच्या माथ्यावरचे वेल त्या साचलेल्या गारठ्याच्या थोडे वर राहतात. थर्मामीटर नव्हता, पुस्तक नव्हतं, तरी हे त्यांनी शोधून काढलं! एरिक वॉडेल नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकानं एंगाच्या या ढिगांवर १९७२ साली अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

साध्या थंडीत ढीग पुरतो. पण लागोपाठ काही रात्री दव गोठलं की ढीगही हरतो. मग? जमिनीतली रताळी खराब व्हायच्या आत खाऊन घ्यायची आणि चालायला लागायचं. खालच्या, उबदार खोऱ्यांत नातेवाईक असतात. आत्याचं घर, मामाचं घर. डुकरं देऊन पिढ्यान्‌पिढ्या जपलेली नाती याच दिवसासाठी असतात. काही दिवस चालून तिथं पोचायचं, त्यांच्याच जमिनीत लावायचं, खायचं आणि वर्ष-दीड वर्षानं परत यायचं. पाहुणे दीड वर्ष! आपल्याकडे आठ दिवसांत... जाऊ दे.

१९७२ साली असंच झालं. तेव्हा राजवट ऑस्ट्रेलियाची होती. सरकारनं लाखाहून अधिक लोकांना कित्येक महिने गावातच धान्य पुरवलं, त्यामुळे बरेच जण खाली गेलेच नाहीत. वॉडेलनं यावर टीका केली. त्याचं म्हणणं, लोकांची स्वतःची रीत होती, ती मोडली. मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. चार दिवस चालू न शकणारी आजी आणि तान्हं बाळ यांना धान्यच हवं. १९९७ साली तर दुष्काळ आणि थंडी इतकी भयंकर होती, की ऑस्ट्रेलियाच्या सैन्यदलाची विमानं दुर्गम गावांत अन्न पोचवत होती. पुष्कळ शाळा बंद पडल्या, कारण पाणी नाही, खायला नाही, मुलं येणार कशी? २०१५ साली पुन्हा तेच.

आता खाली जाणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. माणसं वाढली, आत्याच्या घरची जमीन तिच्याच नातवंडांना पुरेना. शिवाय एंगात कुळाकुळांत जुनी वैरं आहेत. पूर्वी धनुष्यबाण असत, आता बंदुका आल्या आहेत. वाटेत शत्रूची हद्द असेल तर मुलांना घेऊन कोण जाईल? काही जण आता बटाटाही लावतात. तो थंडी जरा जास्त सोसतो. काही जण शहरातल्या भावाला निरोप धाडतात, तांदूळ पाठव म्हणून.

आणि तरीही कोणाला तरी जावंच लागतं, कारण फक्त पोटाचा प्रश्न नसतो. रताळ्याला बी पेरत नाहीत, वेलाचे तुकडे लावतात. आपले शेतकरीही तसंच करतात, त्याला बेणं म्हणतात. वरचे सगळे वेल मेले, म्हणजे बेणंही गेलं! आकाशात ढग परत आले, पाऊस पडला, तरी लावणार काय? मग खालच्या पाहुण्यांकडून वेल मागून आणायचे. बायका बिलुममध्ये ते ओले वेल भरतात, पट्टा कपाळावर घेतात आणि डोंगर चढू लागतात. घरी पोचल्यावर पुन्हा गवत गोळा करायचं, ढीग रचायचे, बेणं लावायचं. एवढ्या उंचीवर नवं रताळं हाती यायला आठ महिने, कधी कधी पुरतं वर्ष लागतं.