चोपडीत न लिहिलेले जीव



बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली, पण हिशेबाची सवय काही जात नाही. सासरी हिरड्याचा व्यापार. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतून बाळहिरडा यायचा. कोणाचा, किती किलो, ओला की वाळलेला, सगळे रोजकीर्दीत उतरायचे. पण कोणत्या वाडीत झाडे किती, त्यातली जुनी किती, ही ओळ आमच्या चोपडीत कधीच नव्हती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, जुन्नर-आंबेगावात हिरड्याचे मोठे नुकसान झाले, आणि भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. तेव्हा ती न लिहिलेली ओळ मला टोचली.

खरे तर अशी चोपडी कायद्याने सांगितलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी. गावातली झाडे, पिके, प्राणी, देवराया, औषधी उपयोग, सगळे त्यात यावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नंतर राज्याला महिन्याला १० लाख दंड! मग घाई झाली. मार्चअखेरीला चोपड्या कशा पूर्ण होतात ते आपल्याला माहीत आहे. मी एका गावची (नाव लिहीत नाही) नोंदवही मागून पाहिली. आंबा, जांभूळ, हिरडा, आणि पुढची पाने शेजारच्या गावच्या वहीतली, चुकांसकट. पहिल्या वर्षानंतर एकही नोंद नाही. शिल्लक पुढे ओढलीच नाही तर ती कसली खतावणी?

आता आपल्याकडे येते. पाठशाळेत आपण ‘जीवविचार’ शिकलो. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत, वनस्पतीतही साधारण आणि प्रत्येक असा भेद. जीवांची इतकी बारीक वर्गवारी असलेल्या घरातल्या आपण, पण डोंगरावरच्या दहा वनस्पतींची नावे सांगता येतील का? मला सहा आली. त्याचे कारणही माझ्या लक्षात आले. पावसाळ्यात महादेव कोळी आणि ठाकर बायका कुर्डू, भारंगी, फोडशी, चाईचा मोहोर घेऊन बाजारात बसतात. आपला चातुर्मास, पालेभाजी बंद. त्यामुळे आपण टोपलीकडे पाहतही नाही. भाजी न घेणे हा नियम आहे, नाव न विचारणे हा नियम नाही.

शिवनेरीच्या कड्यावर शिवसुमन नावाची छोटी मांसल वनस्पती आहे, चांदणीसारखे तांबूस फूल येते. गावठी नाव शिंदळ माकुडी. १८६० च्या दशकात डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञाने जुन्नरच्या डोंगरातूनच तिची नोंद केली आणि मुंबईच्या गव्हर्नर फ्रिअरचे नाव तिला दिले, फ्रेरिया. पुढे शास्त्रज्ञांनी तिला दुसऱ्या प्रजातींत हलवले, नावे बदलली. खाते एकच, नावे चार! तरी नोंद होती म्हणून ती दुर्मिळ आहे हे जगाला कळले, आणि पुढे पुरंदर, महाबळेश्वरकडेही ती सापडली. जिची नोंदच नाही ती संपली तर कोणाला कळणार?

जाऊबाई म्हणाल्या, “वनखाते आहे ना, आपण कशाला?” वनखात्याला झाड माहीत असते, पण त्याचा मोहोर कधी येतो, यंदा कमी का आला, हे टोपलीवालीला माहीत असते. तिला लिहायला वेळ नाही. आपल्याला दुपारी दोन ते चार आहे. तिने सांगितलेले नाव तिच्याच उच्चारात लिहावे, शेजारी तिचे नाव आणि तारीख टाकावी, आणि वर्षातून एकदा समितीकडे द्यावे. दुर्मिळ रोपाची नेमकी जागा मात्र उघड लिहू नये. शोभेसाठी उपटून नेणारेही असतात.

ज्ञानपंचमीला आपण वह्या-पुस्तके मांडतो. यंदा एक दोनशे पानी वही जास्त ठेवणार आहे. सध्या तिच्यात अकरा नावे आहेत, त्यातली दोन कशी लिहायची यावर माझे आणि भाजीवाल्या मावशींचे अजून एकमत झालेले नाही.