कोंडवाडा आणि मोटारगाडी

शेजाऱ्याच्या पडवीत सायकल रिकामी उभी आहे, म्हणून ती न विचारता घेऊन कोणी सभ्य मनुष्य फिरावयास जात नाही. परंतु शेजाऱ्याचे अंगण रिकामे दिसले की त्यात आपली मोटार उभी करण्यास मात्र पुष्कळांना मुळीच संकोच वाटत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ असे सांगून ते जातात आणि दोन तासांनी परततात. कित्येक तर सांगतही नाहीत. जागा मोकळीच होती, मग बिघडले कोठे, असा त्यांचा सवाल असतो.

मुलांनो, या सवालातच चूक दडलेली आहे. अंगण मोकळे असते ते कोणाचे नसते म्हणून नव्हे, तर कोणीतरी ते मोकळे ठेवलेले असते म्हणून. तेथे धान्य वाळत घालावयाचे असते, मुलांना खेळावयाचे असते. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले तर रुग्णवाहिका दारापर्यंत यावी लागते. आणि समजा, मालक त्या जागेचा काहीच उपयोग करीत नाही. तरीही तिचे काय करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे.

येथवर माझे म्हणणे बहुतेकांना पटेल. खरा प्रश्न पुढचा आहे. अशी परकी गाडी दाराशी उभी असेल, तर मालकाने काय करावे? संतापलेला मनुष्य चाकातील हवा सोडतो. कोणी रंगावर खिळ्याने ओरखडे काढतो. कोणी फाटकाला कुलूप घालून ‘आधी पैसे टाका, मग गाडी न्या’ असे बजावतो. बघ्यांना हे पाहून बरे वाटते. चांगली अद्दल घडली, असे ते म्हणतात. माझ्या मते मालकाची बाजू येथेच लंगडी पडते. जागा त्याची आहे, पण गाडी त्याची नाही.

खेड्यांतील जुन्या माणसांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. मोटारी येण्यापूर्वीही एकाची गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरतच होती. उभे पीक फस्त करणाऱ्या बैलाचा राग कोणाला येणार नाही? यासाठी १८७१ साली, इंग्रजी अमदानीत, गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. पीक तुडविणारे जनावर पकडण्याची मुभा त्याने शेतकऱ्याला दिली. मात्र ते आपल्या गोठ्यात बांधून ठेवावयाचे नव्हते. चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचते करावयाचे होते. दंडाचा दर शेतकरी ठरवीत नसे, तो सरकारने ठरविलेला असे. त्या दंडाबरोबर चारापाण्याचा खर्च भरला की धनी आपले जनावर सोडवून नेई. शेतकऱ्याने खोटेच निमित्त करून जनावर पकडले असेल, तर धन्यालाही दाद मागता येई. किती शहाणपणाची ही योजना! कोंडवाड्याचा राखणदार शेतकऱ्याचाही नव्हता आणि गुरे राखणाऱ्याचाही नव्हता. दोघांच्या भांडणात तो तिसरा होता.

हा तिसरा मनुष्य नाहीसा झाला म्हणजे काय होते, ते इंग्लंडात दिसून आले. तेथे खाजगी जागांचे मालक परक्या गाड्यांना जॅमर लावण्याचे काम कंपन्यांवर सोपवीत. चाकात लोखंडी कुलूप अडकवावयाचे, ते काढण्याचे पैसे कंपनीनेच सांगावयाचे आणि तिनेच घ्यावयाचे! लोकांच्या तक्रारी वाढू लागल्या, यात नवल ते काय? स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयाने तर १९९२ सालीच, अशा रीतीने गाडी अडवून पैसे मागणे ही खंडणी होय, असा निर्णय दिला. पुढे इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून, कायद्याने अधिकार दिलेला नसताना खाजगी जागेवर जॅमर लावणे वा गाडी ओढून नेणे हा गुन्हा ठरला. तेथील मालक आता गाडीवाल्याकडे आकार मागू शकतो, पण त्याची गाडी अडवू शकत नाही.

आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, सार्वजनिक ठिकाणी मनाई असता उभी केलेली गाडी हलविण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. त्यामुळे रस्त्याचा प्रश्न सुटतो, निदान सुटावा. खाजगी अंगणाचे तसे नाही. फौजदारी कायद्यात अतिक्रमण हा गुन्हा ठरण्यास त्यामागे गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. १८६० च्या दंड संहितेत असे होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. भाजी घेण्यास आलेल्या मनुष्याच्या मनातील असा हेतू कसा सिद्ध करावयाचा? मग उरतो दिवाणी दावा. दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीसाठी न्यायालयाची पायरी कोण चढेल? म्हणून तर मालक हवा सोडतो.

त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही, त्याला कोंडवाडा दिला पाहिजे. मालकाने जागेवर ठळक पाटी लावावी. तरीही कोणी गाडी उभी केली, तर नगरपालिकेला कळवावे. तेथील माणसाने येऊन पाहावे, गाडीवाल्यास निरोप धाडावा, आणि ठराविक वेळात तो न आल्यास गाडी सरकारी वाहनतळावर नेऊन ठेवावी. दंड आधीच ठरलेला असावा, आणि त्यातील एक पैसाही जागेच्या मालकास मिळू नये. ही शेवटची अट काहींना अन्यायाची वाटेल. परंतु दंड मालकाच्या खिशात पडू लागला, तर काही अंगणांची फाटके मुद्दाम उघडी राहतील.

कोणी विचारील, शहरात गाडी ठेवण्यास जागाच नाही, तर बिचाऱ्याने करावे काय? अडचण खरी आहे. पण गाडी विकत घेतली त्याने, तेव्हा ती कोठे उभी राहणार याची काळजीही त्यानेच वाहिली पाहिजे. शिवाय दार ठोठावण्यास कोणाची बंदी नाही. दुपारचे रिकामे अंगण तासाभरासाठी देणारी माणसे पुष्कळ असतात. कोणी ‘नाही’ असेही म्हणेल. मग गाडी पुढे न्यावी लागेल आणि थोडे चालत परत यावे लागेल, एवढेच.