ग्रामपंचायतींच्या संगणकांवरील स्वयंचलित स्क्रिप्टसाठी एकसमान कार्यपद्धती लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे.

मार्फत : मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, बारामती / इंदापूर.

विषय : बॅकअप, सफाई व अपडेटच्या स्क्रिप्ट तपासून, नोंदवून व जबाबदारी ठरवून वापरण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये आम्ही बारामती व इंदापूर तालुक्यांतील संगणक परिचालक सविनय निवेदन सादर करतो की,

ई-ग्रामस्वराज किंवा जन्म-मृत्यू नोंदणीचा डेटा वरच्या सर्व्हरवर सुरक्षित असतो. मात्र नमुना ८ व ९ साठी केलेली एक्सेलची कामे, पाणीपट्टीचे हिशेब, ठरावांचे स्कॅन व विकासकामांचे फोटो बहुधा कार्यालयातील एकाच संगणकावर असतात. दाखले आणि वसुलीच्या गर्दीत त्यांचा बॅकअप हाताने घेणे राहून जाते. म्हणून काही परिचालकांनी छोट्या स्क्रिप्ट (संगणकाने आपोआप पाळायच्या आज्ञांच्या याद्या) लिहून त्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरला लावल्या. त्यामुळे वेळ वाचतो. पण ज्याची त्याची पद्धत वेगळी आणि लेखी नोंद कुठेच नाही.

यातील धोके साधे दिसतात, पण महागात पडतात. स्क्रिप्टची वेळ रात्री दोनची ठेवली आणि संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडला, तर बॅकअप कधीच होत नाही आणि ते कोणाला कळतही नाही. फाइली उतरवणाऱ्या विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेचा मिरर पर्याय वापरला असेल, तर मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला की पुढच्या फेरीत बॅकअपही रिकामा होतो. हीच आज्ञा नुसत्या फाइली नीट उतरल्या तरी शून्याऐवजी १ हा कोड देते. ते ठाऊक नसलेली स्क्रिप्ट यशालाच बिघाड समजते.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित प्रत चढवली गेली. फोल्डरचे नाव ठेवणारे व्हेरिएबल रिकामे राहिले आणि जुन्या लॉगऐवजी संशोधनाच्या सुमारे ७७ टेराबाइट फाइली पुसल्या गेल्या. तिथे तज्ज्ञ हाताशी होते. आमच्याकडे एका खोलीत एक परिचालक असतो.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. दोन्ही तालुक्यांसाठी मान्य स्क्रिप्टचा एकच संच असावा. तो गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवावा, म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले हे दिसेल. बदल आधी चाचणीच्या संगणकावर, मग दोन-तीन ग्रामपंचायतींत आणि त्यानंतरच सर्वत्र जावा. चालू स्क्रिप्टवर नवी प्रत चढवू नये.

२. फाइली पुसणाऱ्या स्क्रिप्टने आधी काय पुसले जाणार याची यादी दाखवावी. फोल्डरचे नाव रिकामे असल्यास तिने तिथेच थांबावे.

३. बॅकअपच्या तारीखवार प्रती ठेवाव्यात. एक प्रत कार्यालयाबाहेर असावी. बाह्य डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. दर तिमाहीस काही फाइली परत उघडून पाहाव्यात व तसा शेरा नोंदवावा.

४. स्क्रिप्ट कार्यालयीन वेळेत लावाव्यात. वेळ चुकल्यास संगणक सुरू होताच काम चालवण्याचा शेड्यूलरमधील पर्याय सक्तीचा करावा.

५. प्रत्येक फेरीची लॉगमध्ये नोंद व्हावी. फेरी पूर्ण झाल्याचा निरोप पंचायत समितीकडे आला नाही, तर तोही बिघाडच धरावा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावेत, घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावीत आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी.

६. स्क्रिप्टला गरजेपुरतेच अधिकार द्यावेत. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये. डिजिटल सहीचे डोंगल व ओटीपी स्वयंचलनाबाहेर ठेवावेत.

७. प्रत्येक स्क्रिप्टची सोप्या मराठीत एक पानाची माहिती असावी. ग्रामपंचायत अधिकारी किंवा परिचालक बदलताना ती पदभाराच्या यादीत यावी.

८. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा संगणकांची यादी करून ते बदलण्यासाठी तरतूद करावी.

९. प्रशिक्षणासाठी बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानसारख्या स्थानिक शैक्षणिक संस्थांचे साहाय्य घ्यावे. मान्य स्क्रिप्ट नियमाने चालवूनही नुकसान झाल्यास एकट्या परिचालकास जबाबदार धरू नये, असे लेखी आदेश काढावेत.

यांपैकी बहुतेक मागण्यांना नवे सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ते एक परिपत्रक आणि ते पाळले जाते का हे पाहणारा अधिकारी. तरी मार्चअखेरच्या वसुलीची धावपळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील काही ग्रामपंचायतींत ही पद्धत प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
संगणक परिचालक, बारामती व इंदापूर तालुके
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीस्तव :
मा. उपमुख्य कार्यकारी अधिकारी (ग्रामपंचायत), जिल्हा परिषद, पुणे.