नावाने काम सांगावे

ओपन सोर्स मॉड्यूलचा कोड लिहून होतो. घोडे अडते ते बारशाला. देवदेवता, आवडते पदार्थ, घरचे मांजर यांची नावे हौसेने ठेवली जातात आणि मॉड्यूल करते काय, हे शोधणाऱ्याला कळत नाही. पायथॉनमधले ‘ब्युटिफुल सूप’ वेबपानांच्या एचटीएमएलमधून हवा तो मजकूर वेचून देते. नाव मात्र ‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या गाण्यावरून आलेले. शिवाय बसवताना ‘ब्युटिफुलसूप४’ लिहायचे आणि कोडमध्ये ‘बीएस४’. त्याची ख्याती आहे म्हणून खपते. नवख्याचे खपत नाही.

जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीच्या वाणांपुरता हा प्रश्न सोडवला आहे. ‘बीएसएमआर-७३६’ यातला ‘बी’ बदनापूरचा. पुढची तीन अक्षरे वांझ रोगाला प्रतिकारक असल्याचे सांगतात आणि आकडा वाणाचा. गाव, गुण, क्रमांक. हौसेला जागाच नाही. ७३६ चा दाणा लाल आणि याच मालिकेतल्या ‘बीएसएमआर-८५३’चा पांढरा, हे मात्र आकड्यावरून ज्योतिषालाही सांगता येणार नाही. सगळेच नावात मावत नाही. ज्यासाठी लोक शोधत येतात तेवढे नावात यावे, बाकीचे माहितीपत्रकात. १९९५ साली सुरू झालेल्या सीपॅन या पर्लच्या भांडारातही ‘टेक्स्ट::सीएसव्ही’ अशी, आधी विषय आणि मग काम सांगणारी नावे दिसतात.

नाव स्पष्ट असून भागत नाही, ते मोकळेही हवे. मार्च २०१६ मध्ये ‘किक’ या मॉड्यूलच्या नावावर त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने हक्क सांगितला आणि एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडाराने ते कंपनीला दिले. चिडलेल्या मॉड्यूलकर्त्याने आपली सगळी मॉड्यूल काढून घेतली. त्यांत मजकुराच्या डावीकडे भर घालणारे, जेमतेम ११ ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते. ते जाताच जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली. नावाशी मिळतेजुळते नावही घात करते. २०१७ मध्ये त्याच भांडारातल्या ‘क्रॉस-एन्व्ह’ या मॉड्यूलच्या नावातली आडवी रेघ गाळून कोणी ‘क्रॉसएन्व्ह’ टाकले. घाईत टंकणाऱ्यांच्या संगणकातली गुपिते ते परस्पर पाठवत होते.

म्हणून नाव लहान रोमन अक्षरांत, फोनवर सांगता येईल असे असावे. भांडारात आणि ट्रेडमार्कच्या नोंदीत आधी शोधून घ्यावे. एकदा ते इतरांच्या कोडमध्ये शिरले की बदलण्याचा भुर्दंड त्यांच्यावर पडतो. हौस भागवायला लोगो आहेच.