वण लपवायचा कशासाठी?

(द्वितीय वर्ष, कला)

अंगावर एकही वण नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. लहानपणी कोणाचा गुडघा फुटलेला असतो, कोणाला चुलीचा चटका बसलेला असतो. जखम भरते, खपली पडते आणि मागे खूण राहते. पण या खुणेची किंमत माणूस पाहून ठरते. राणा संगाच्या अंगावरील ऐंशी जखमा इतिहासात अभिमानाने सांगितल्या जातात. माझ्या वडिलांच्या नडगीवर ऊसतोडीच्या कोयत्याचा वण आहे. त्याबद्दल त्यांना आजवर कोणी हटकलेले नाही. मात्र मुलीच्या गालावर वा हातावर तेवढाच वण असला, की बघायला आलेले पाहुणे पोह्यांची बशी हातात घेण्याआधी तोच पाहतात. पुरुषाचा वण तो पराक्रम आणि मुलीचा वण ती खोट! या समजुतीमुळे वण लपवला जातो आणि लपवल्यामुळे उपचार राहून जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वण म्हणजे काय? त्वचेच्या वरच्या थरापुरते खरचटले तर बहुधा खूण राहत नाही. जखम खालच्या थरात खोल गेली, की शरीर तेथे कोलॅजन नावाच्या तंतूंचे ठिगळ लावते. गोधडीचे ठिगळ कितीही सुबक असले तरी ते मूळ कापड होत नाही, तसेच हे. तेथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही, मूळची पूर्ण ताकदही परत येत नाही. हे ठिगळ पक्के व्हायला वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

पण सगळे वण एका जातीचे नसतात. काही खोलगट असतात. आजी-आजोबांच्या पिढीतील देवीचे वण या प्रकारचे. भारतात देवीचे शेवटचे रुग्ण १९७५ साली आढळले आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. त्यामुळे आमच्या पिढीला ते वण अंगावर ठाऊक नाहीत. आमच्या वाट्याला तारुण्यपीटिकांचे खड्डे आले. त्यांवर सुईने आतले ताण सोडवणे, बारीक सुयांनी त्वचा टोचून नवे कोलॅजन तयार करवणे, लेसर, असे उपाय आहेत. खड्डे उथळ होतात, पण पार बुजत नाहीत. जो पार बुजवून देण्याची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

दुसरे वण उंच वाढतात. त्यांतले काही जखमेच्या हद्दीत राहतात आणि कालांतराने बसतात. केलॉइड मात्र खेकड्याच्या नांगीप्रमाणे हद्दीबाहेर पसरतो. छाती, खांदा, कानाची पाळी ही त्याची आवडती ठिकाणे. कान सोनारानेच टोचावेत हे खरे, पण टोचलेल्या जागी गाठ वाढू लागली तर तेथे सोनाराचे काम संपले! केलॉइड नुसता कापून काढला तर पुष्कळदा पुन्हा उगवतो. म्हणून गाठीत स्टिरॉइडचे इंजेक्शन, सिलिकॉनची पट्टी, गोठवण्याचा उपचार यांचा आधार घ्यावा लागतो आणि कित्येक महिने चिकाटी धरावी लागते.

तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाजल्यानंतरचा वण आखडत जातो आणि सांध्याला धरून ठेवतो. लहान मुलांत तर हाड वाढते, वण मात्र तेवढा ताणत नाही. आमच्या वाडीत एक मुलगी आहे. पाच वर्षांची असताना तिच्या हातावर अंघोळीचे कढत पाणी सांडले. आज तिचा कोपर सरळ होत नाही. स्वतःची वेणीसुद्धा तिला घालता येत नाही. घरच्यांनी काय केले? लांब बाह्यांचे कपडे शिवले! “लग्नाच्या वेळी बघू,” असे ते म्हणतात. जखम भरत असतानाच हात सरळ ठेवणारी पट्टी बांधली असती, व्यायाम करून घेतला असता, तर पुष्कळ फरक पडला असता. आताही शस्त्रक्रियेने आखडलेला वण सोडवून तेथे मांडीची त्वचा बसवता येते. लग्न होवो वा न होवो, हात तिचा आहे आणि तो तिला रोज लागतो.

अशा उपचारांना “श्रीमंतांचे चोचले” म्हणणाऱ्यांना पुण्याचीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याच्या परिसरातील एका देशी कारागिराने कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडवले. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि पाश्चात्त्य शल्यविशारद थक्क झाले. उपचार झाला होता तो एका बैलगाडी हाकणाऱ्यावर!

लपवण्याचा दुसरा तोटा म्हणजे औषधाच्या दुकानातील ट्यूब. दवाखान्यात जायची लाज वाटते, म्हणून मैत्रिणीने सांगितलेले मलम आणले जाते. मुळात काळसर डाग आणि वण या दोन वेगळ्या गोष्टी. डाग पुष्कळदा आपोआप फिका होतो. पण अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ पडते, लाल होते, काही ठिकाणी तडे गेल्यासारखे पट्टे उमटतात आणि ते पट्टे कायमचे राहतात. वण घालवायला जावे आणि नवा वण घेऊन यावे! २०१८ साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण आपण चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावरच रागावतो.

मित्रमैत्रिणींनो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारख्या अनेक जणी या वर्गांत आहेत. आपण शिकलो त्याचा घरी एवढा तरी उपयोग व्हावा. कोणी भाजले तर शाई, टूथपेस्ट फासू न देता वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि लगेच दवाखाना गाठावा. वण वाढू लागला, खाजू लागला, सांधा धरू लागला तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात बिनदिक्कत जावे. आणि कोणाच्या चेहऱ्यावर वण दिसला तर “हे कशाने झाले?” हा प्रश्न गिळून टाकावा. ज्या दिवशी वणाकडे खोट म्हणून न पाहता दुखणे म्हणून पाहिले जाईल, त्या दिवशी आमच्या वाडीतल्या मुलीला लांब बाह्या शिवाव्या लागणार नाहीत.