ओझर मिग

यंदा खंडेनवमीला सकाळीच ओझरला गेलो. अंकाची बहुतेक पानं जुळवून झाली होती, संपादकीयाची तेवढी राहिली होती. वाटेत द्राक्षबागांची छाटणी रखडलेली दिसली, पाऊस अजून पुरता उघडला नव्हता. काकांच्या घरी देवापुढे पाट मांडला होता. पाटावर लाल कापड, त्यावर सहा इंची स्टीलची पट्टी, एक जुना व्हर्नियर आणि हळदकुंकू लावून झेंडूची दोन फुलं. पट्टीवरचे पहिल्या इंचाचे आकडे अंगठ्याखाली झिजून पुसट झालेत. ती काकांनी पहिल्या पगारातून नाशिकच्या मेन रोडवर घेतली होती आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती त्यांच्या खिशात होती.

काका हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये फिटर होते. टाउनशिपमध्ये त्यांचं आणि आमचं क्वार्टर एकाच जिन्यावर, म्हणून ते माझे काका. आदल्याच शुक्रवारी, २६ सप्टेंबरला, चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं होतं. ते म्हणाले, "टीव्हीवर सगळं बघितलं. काकूनं पोळ्या तव्यावर टाकून बघितलं. त्यातलं एखादं आमच्या हातचं असेल का रे?"

हा प्रश्न डोक्यात घेऊन परत आलो आणि जे संपादकीय लिहायचं ठरवलं होतं ते बाजूला ठेवलं.

नाशिकबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे या गावाचं नावच 'ओझर मिग' असं पडलं. 'मिगला आहे' म्हटलं की माणूस कुठं नोकरीला आहे ते कळायचं. एका रशियन विमानाचं नाव निफाड तालुक्यातल्या गावाला चिकटलं, त्याला कारण १९६२चं चीन युद्ध. त्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. सोव्हिएत रशियाशी मिगचा करार झालेला होता. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहू लागला. सुरुवातीला रशियातून आलेले भाग नुसते जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळं विमान इथंच घडू लागलं. हवाई दलानं साडेआठशेहून अधिक मिग-२१ वापरली, त्यातली निम्म्याहून जास्त ओझरच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडाली. बाजरी आणि द्राक्षं पिकवणाऱ्या मुलखातली पोरं आयटीआय करून आली आणि त्यांनी ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं विमान बांधलं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात याच्या तोडीची गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

कसं बांधायचे ते काका हातवारे करून सांगतात. विमानाचं कातडं म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा. तो आतल्या फासळ्यांवर रिव्हेटनं बसवायचा. एक जण बाहेरून रिव्हेट गन धरतो, दुसरा आतल्या अडचणीत अंग मुडपून रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी डॉली दाबून धरतो. आतल्याचा हात जरा हलला की रिव्हेट वाकडा बसतो. मग तो ड्रिलनं काढायचा आणि पुन्हा मारायचा. बाहेरचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसलं पाहिजे. ते डोळ्यानं कळत नाही, तळहात फिरवून कळतं. काका बोलता बोलता समोरच्या टीपॉयवरून तळहात फिरवत होते. शिफ्ट संपली की प्रत्येक हत्यार फळ्यावर ज्याच्या त्याच्या रंगवलेल्या आकृतीवर टांगायचं. एक पाना जरी सापडला नाही तरी विमान जागचं हलत नसे. तो पाना आत राहिला असेल तर वर काय होईल, हे शॉपमधल्या पोऱ्यालाही माहीत होतं.

१९७१च्या डिसेंबरात मी सात वर्षांचा होतो. पाकिस्तानशी युद्ध चालू होतं, खिडक्यांना काळा कागद लावला होता आणि आई कंदिलाची वात बारीक करून स्वयंपाक करायची. त्या युद्धात मिग-२१नं काय केलं ते मोठेपणी वाचलं. सगळ्यात जास्त मनात राहिली ती १४ डिसेंबरची ढाक्याची गोष्ट. ढाक्यात त्या दिवशी दुपारी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांची बैठक आहे, असा संदेश आपल्या लोकांनी पकडला. गुवाहाटीला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर बिश्नोई विमानात बसले होते. त्यांना सांगितलेलं लक्ष्य ऐनवेळी बदललं, आणि बदल कळवणारी चिठ्ठी थेट कॉकपिटमध्ये हातात आली. सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस. शहराचा लष्करी नकाशा जवळ नव्हता, मांडीवर होता तो पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा. चार मिग गेली आणि त्यांनी त्या इमारतीवर रॉकेटं डागली. गव्हर्नर मलिक यांनी खंदकात बसून राजीनामा लिहिला आणि तटस्थ ठरवलेल्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात आसरा घेतला. दोन दिवसांनी शरणागती झाली. ढाक्याच्या हल्ल्याच्या दोन दिवस आधी, १२ तारखेला, कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांच्या मिगनं पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं होतं. तेव्हा ते अमेरिकी विमान जगातल्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानांत गणलं जायचं.

हे सगळं आम्ही ओझरची मुलं छाती फुगवून सांगायचो. पुढं कॉलेजात गेलो आणि वर्तमानपत्रांत दुसरं नाव यायला लागलं, 'उडती शवपेटी'. त्या दिवसांतले काका मला आठवतात. कुठं मिग पडल्याची बातमी आली की ते पेपर घेऊन जिन्यात उभे राहायचे आणि त्यांचं तोंड बंद व्हायचं. आपल्या हातून काही राहिलं का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी तो कुणापाशी बोलून दाखवला नाही, काकूंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितला.

आकडे मांडायला हवेत, कारण ते लपवून मिग-२१चा सन्मान होत नाही. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितलं, की १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग मालिकेतल्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक गेले. त्यानंतरही विमानं पडतच राहिली. मे २०२३ मध्ये राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यातल्या एका घरावर मिग-२१ कोसळलं आणि तीन बायका गेल्या. त्यांचा युद्धाशी काय संबंध होता?

हे विमान मुळात कशासाठी घडवलं होतं, ते पाहू. शत्रूचं बॉम्बफेकी विमान उंचावर आलं की झपाट्यानं वर चढायचं, ते पाडायचं आणि परत यायचं. पंख लहान आणि त्रिकोणी, इंजिन एकच, पोटात तेल थोडं. उतरताना नाक वर, समोरची धावपट्टी नीट दिसत नाही आणि वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. अनुभवी हाताला ते वश होतं. पण आपण त्याला जमिनीवर हल्ला करायला लावलं, रात्री उडवलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्यावर नवी मुलं शिकवली. किरणसारख्या संथ विमानावरून उतरलेला तेविशीतला मुलगा थेट मिगमध्ये बसत होता. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीनं १९८२ मध्येच सांगितलं होतं. तशा हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती हवाई दलात आली २००८ मध्ये. सव्वीस वर्षं! त्या सव्वीस वर्षांत फायली कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेल्या ते शोधत बसायला नको. त्या काळात किती पोरं गेली, तेवढं पुरे आहे.

तेजसचंही तेच. मिगची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहायला २०१६ उजाडलं. तोवर मिग-२१ला कोण रजा देणार? मग ओझरलाच सव्वाशे विमानांत नवं रडार आणि नवी उपकरणं घालून त्यांना 'बायसन' केलं. ते काम उत्तम झालं, २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानशी हवाई चकमक झाली तेव्हा हीच विमानं आपल्या सीमेवर उभी होती. पण साठीच्या माणसाला नवा चष्मा दिला म्हणून त्याचे गुडघे तरुण होत नाहीत.

म्हणून 'उडती शवपेटी' हा शब्द मला कधीच पटला नाही. तो ऐकला की सगळा दोष पत्र्यावर आणि रिव्हेटवर जातो आणि ज्यांनी वेळेवर सही केली नाही ते मोकळे सुटतात. दोष वैमानिकावर टाकणं तर त्याहून सोपं, कारण तो उत्तर द्यायला उरलेला नसतो. मुंबईच्या कविता गाडगीळ यांनी हे सोपं उत्तर मान्य केलं नाही. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१च्या अपघातात गेला. त्या बाईंनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. हवाई दलाशी त्यांचं वैर नव्हतं. पुढच्या मुलांना नीट शिकवा, नीट विमानं द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मध्यमवर्गीय मराठी घरातली एक आई साऱ्या देशाच्या वतीनं हे विचारत होती आणि आपण तिचं कौतुक करून थांबलो.

चंडीगडच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबरला, सरकारनं आणखी ९७ तेजसचा करार केला. २०२१ मध्ये मागवलेली ८३ तेव्हाही यायची होती, अमेरिकेहून येणारी इंजिनं उशिरा येत होती. मिगच्या शेवटच्या दोन स्क्वाड्रन गेल्यावर हवाई दलाकडं २९ उरल्या. मंजूर आहेत ४२. ओझरला तेजसची नवी लाइन उभी राहिली आहे, ही आमच्यासाठी अतिशय आनंदाची गोष्ट. पण आनंदात राहून आम्ही तारखा विसरणार नाही. कोणतं विमान कधी मिळणार होतं आणि कधी मिळालं, याचा हिशेब लोकांनी मागितला पाहिजे, तोही अपघात व्हायच्या आधी.

या अंकाचा विशेष विभाग यासाठीच हवाई दलाला दिला आहे. मराठवाड्यात पुरानं उभी पिकं गेली, माणसं छपरांवर अडकली आणि त्यांना उचलायला हेलिकॉप्टर आलं, तेही याच वर्षी. तिथल्या वाचकांच्या घरी यंदा फराळाचं काय झालं असेल, या विचारानं शुभेच्छा लिहिताना हात अडखळतो. तरी त्यांना आणि सगळ्या वाचकांना दीपावलीच्या मनापासून शुभेच्छा.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना तिथंच दिलं होतं. शेवटी उरलेली सगळी बायसन होती, बायसन झाली ती मिग-२१ बिसची, आणि बिस बहुतेक ओझरलाच बांधलेली. "म्हणजे असणारच, काका." ते काही बोलले नाहीत. पाटावरची पट्टी उचलून त्यांनी धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवली, रेषेत. मग विचारलं, "अंकात वैमानिकांची नावं छापतोयस ना?"

म्हटलं, हो. महाराष्ट्रातल्या ज्या घरांनी परवानगी दिली त्या मुलांची.

"मग बारीक टायपात नको. मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत."

घरी येऊन विशेष विभागाची पानं पुन्हा जुळवली. एक जाहिरात मागं सरकवावी लागली, जाहिरातदारानं हरकत घेतली नाही. ती नावं आता सोळा पॉइंटात आहेत.